एक बोट

रिव्ह्यूअर क्रमांक दोन विचारतो,
एप्रिल ते ऑक्टोबर दोन हजार वीस,
इथे तुमची रेघ तुटते. का?

का म्हणजे
लॉगरची बॅटरी डिसेंबरात घातलेली, चार महिन्यांची,
आणि आम्हाला खाडीवर जायचा पास मिळेना.
पाणी मोजणं अत्यावश्यक सेवेत येत नाही
असं खिडकीतल्या माणसानं सांगितलं होतं
मास्कच्या आडून, अगदी सभ्यपणे.
असलं काही शोधनिबंधात लिहीत नाहीत.
लिहितात : नोंदी उपलब्ध नाहीत.

घणसोलीच्या खाडीत, तिवरांच्या आत
आमची एक स्टीलची सळई आहे
चिखलातून खडकापर्यंत ठोकलेली.
तिच्या खांद्यावर आडवा हात बसवायचा,
नऊ पिना सोडायच्या, चार दिशांना,
फळीवर पालथं पडून छत्तीसदा बघायचं
चिखल चढला किती.
पिन चिंबोरीच्या बिळात गेली
तर आकडा खोडून समोर लिहायचं : चिंबोरी.
माझ्या आठ वर्षांच्या वह्यांत
सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द तोच असणार.

चिखल वर्षाला तीन मिलिमीटर चढतो.
पाणी किती, हेच तर भांडण.
तीन आणि चारच्या मधल्या फटीत
तिवरं उभी आहेत
आणि माझी नोकरी, मार्चपर्यंत.

जोमाकाकांना मी हे सहज सांगितलं,
होडीच्या डिझेलचे पैसे मोजताना.
ते म्हणाले, ‘पानी काय घरान बसला नव्हता, बाय.’

जाळ्यांच्या खोलीची भिंत दाखवली.
दर अमावास्येला, दर पुनवेला
उधाण जिथे टेकलं तिथे ते रेघ मारायचे
होडीला लावून उरलेल्या निळ्या रंगाची.
मग ओट्यापासून रेघेपर्यंत
मुठीवर मूठ ठेवत बोटं मोजायची.
रेघा आता गिलाव्याखाली आहेत,
पोरीच्या हळदीला भिंत नवी केली.
पण सोसायटीचं कॅलेंडर उरलंय,
चौकटीत दूध, डिझेल, आणि पाणी :
एकसष्ट बोटं.
साडेअठ्ठावन्न.
अर्धं कसं हो?
‘नखापरयंत.’

चौदा उधाणांपैकी तेरा.
ऑगस्टातली एक चौकट रिकामी.
‘त्या दिशी मयत व्हती.’
कोणाची, ते मी विचारलं नाही.
वहीत लिहिलं : नोंद उपलब्ध नाही.

बॅगेतून व्हर्निअर काढला
आणि एकाहत्तर वर्षांच्या उजव्या हाताची
चार बोटं जवळ घेऊन मापली.
अठ्ठ्याहत्तर पूर्णांक चार.
पुन्हा. सात दशांशानं कमी.
पुन्हा.
करंगळी वाकडी, जिताड्याच्या काट्यानं,
म्हणून ती थोडी दाबावी लागली.
‘तवा जाड व्हतो मी,’ म्हणाले,
म्हणजे त्रुटी एकाच बाजूला झुकणार.
तेही लिहून घेतलं.

रात्री बेलापूरला, चौथ्या मजल्यावर
एसी बंद झाल्यानंतरच्या उकाड्यात
तेरा ठिपके तुटलेल्या रेघेत टाकले.
तीन भलतीकडेच गेले.
दहा असे बसले
की मी उठून पाणी प्यायले.

संखे मॅडमनी चष्मा वर सारला.
‘त्रुटी किती?’
कमी-जास्त एक बोट.
त्या हसल्या, मग हसल्या नाहीत.
एक बोट म्हणजे आमची पाच वर्षं.
‘पुरवणीत टाक,’ म्हणाल्या,
‘आणि एककाची व्याख्या नीट लिही.’

लिहिली :
एक बोट म्हणजे एकोणीस पूर्णांक सहा मिलिमीटर.
जोमा गौऱ्या मढवी, उजवा हात.
मापन तीन वेळा, सावलीत.

उत्तर अजून आलेलं नाही.
काल फोन आला, पण काकांचा.
ओहोटी पावणेसहाला, होडी तयार आहे,
‘आन ता कलिंडर घेऊन ये बाय,
दूधवाल्याचा हिशोब त्याच्यानच हाय.’